आत्याची नऊ नखं

आत्या संध्याकाळी दुधाची पिशवी आणायला म्हणून खाली जायची आणि लवकर परतच यायची नाही. डेअरी आमच्या सोसायटीच्या गेटसमोर. रस्ता ओलांडायचा, पिशवी घ्यायची, की आलं घर. एवढ्याशा कामाला एवढा वेळ का लागतो म्हणून एकदा मी बाल्कनीतून वाकून पाहिलं, तर ती समोरच्या शॉपिंग कॉम्प्लेक्समधल्या एका काचेच्या दुकानासमोर उभी होती. हातात दूध, पाठ ताठ, नजर सरळ आत. परेड बघायला उभ्या राहिलेल्या माणसासारखी.

दुकान नखांचं होतं. नुकतंच उघडलेलं. आत तीन मुली तीन छोट्या टेबलांशी बसून बायकांच्या बोटांना रंग लावायच्या आणि मग ती बोटं एका पेटीत सरकवायच्या. पेटीत निळा उजेड लागायचा.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लष्करात नर्स होती, मेजर होऊन रिटायर झाली. लग्न केलं नाही. का केलं नाही हे तिला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही, आणि विचारलं असतं तर ‘वेळ झाला नाही’ एवढंच तिनं सांगितलं असतं. माझं लहानपण दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. आत्याचं पोस्टिंग दिल्ली कँटला असलं की सुटीच्या दिवशी ती आमच्याकडे यायची, कॅन्टीनमधले साबण आणि जॅमच्या बाटल्या घेऊन. आल्या आल्या आम्हा भावंडांचे हात उलटे करून बघायची. आमच्या पहाडगंजच्या मराठी शाळेतल्या बाईसुद्धा नखांच्या बाबतीत इतक्या कडक नव्हत्या. तिची स्वतःची नखं पार मुळापर्यंत कापलेली असत आणि हातांना स्पिरिटचा वास यायचा. मला तो वास आवडायचा. आईकडे नेलपॉलिशची एक गुलाबी बाटली होती, ती लग्नकार्याला बाहेर निघायची. आई एकदा आत्याला म्हणाली, “अहो वन्सं, लावा की जरा तुम्हीही.” आत्या म्हणाली, “ड्यूटीवर चालत नाही.” ती आमच्या घरी बसून पोहे खात होती, पण तिच्या हिशेबी ती ड्यूटीवरच होती.

मी कॉलेजातून बाहेर पडले तेव्हा बाहेरच्या कंपन्या नुकत्या येऊ लागल्या होत्या. वडील म्हणत होते सरकारी परीक्षा दे. मी नेहरू प्लेसमधल्या एका कंपनीत चिकटले, तिथून नोएडाला गेले. लग्न झालं, नवराही कॉम्प्युटरवालाच, ठाण्याचा. गाझियाबादला इंदिरापुरममध्ये आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा बाल्कनीतून कोबीची शेतं दिसायची आणि रात्री कोल्हे ओरडायचे. लिफ्ट यायची होती, पाणी टँकरनं यायचं. आजूबाजूला सगळे आमच्यासारखेच, कुणी लखनौचं, कुणी पाटण्याचं, कुणी कोट्टायमचं. बघता बघता शेतं गेली, मॉल आले, मेट्रो वैशालीपर्यंत आली. आणि मग एक दिवस नुसतं नखांचं दुकान आलं.

आत्या रिटायर झाल्यावर पुण्यात एकटी राहत होती. तिथे बाथरूममध्ये घसरली, मनगट मोडलं, तेव्हा मी जाऊन तिला घेऊन आले. “हात बरा झाला की जाणार,” असं तिनं ट्रेनमध्येच बजावलं होतं. हात बरा झाला. मग डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. मग थंडी सुरू झाली. नंतर जायचा विषय तीही काढेना आणि मीही काढेना.

तर त्या रविवारी आम्ही दोघीच जेवत होतो. नवरा कामासाठी बंगळूरला होता, मुलगा शिकायला पुण्याला.

“ते निळ्या दिव्यात हात घालून बसतात, ते काय असतं गं?” आत्यानं विचारलं.

“जेल पॉलिश. त्या दिव्यानं ते कडक होतं. दोन-तीन आठवडे निघत नाही म्हणे.”

“तू केलंयस?”

“छे. ऑफिसातल्या मुली करतात.”

“हत्यारं निर्जंतुक करतात का ते लोक?”

“मला काय माहीत? विचारायला पाहिजे.”

“मी विचारलं,” ती म्हणाली. “प्रत्येक गिऱ्हाईक झालं की स्पिरिटमध्ये बुडवून ठेवतात. बरी व्यवस्था आहे.” मग तिनं बराच वेळ वरणभात कालवला. “मला करायचंय.”

माझा घास हातातच राहिला. “तुला?”

“का? आता कुठे आहे ड्यूटी?”

ती मन बदलेल या भीतीनं मी भांडीसुद्धा तशीच ठेवली. आम्ही दुपारीच खाली उतरलो.

आत ए.सी. होता आणि कसला तरी गोड, औषधी वास. आत्यानं नाक वर करून एकदा हुंगलं आणि “ॲसिटोन,” म्हणाली, एखादा जुना ओळखीचा भेटावा तशी. कोपऱ्यातल्या टेबलाची मुलगी मोकळी होती. बावीस-तेवीसची असेल, केस वर बांधलेले, तोंडावर मास्क. तिनं आम्हाला समोर बसवलं आणि आत्याचा हात हातात घेतला. आत्यानं तिच्याकडे जरा वाकून पाहिलं आणि विचारलं, “कुठून आलीस बेटा? मतलब, कहाँ से हो?”

“नागालँड, मॅम.”

“भाल आसे?” आत्यानं ‘बरी आहेस ना’ अशा सुरात विचारलं.

मुलीनं मास्क खाली ओढला. तिचा चेहरा एकदम लहान दिसायला लागला. “भाल आसे, मॅम! आपको कैसे आता है?”

आत्याचं एक पोस्टिंग दिमापूरला होतं हे मला माहीत होतं, पण तिथली बोली तिला येते हे मला त्या दिवशी कळलं. फार नव्हती येत. दुखतं का, कुठे दुखतं, श्वास घे, घाबरू नको, एवढंच. पण तेवढ्यावर त्या दोघींचं जमलं. मुलीनं आपलं नाव सांगितलं, ते आत्याला पहिल्या फटक्यात बरोबर म्हणता आलं. मला ते जमायला महिना लागला.

“मॅम, आपके नेल्स बहुत छोटे हैं. एक्स्टेन्शन लगा दूँ? लंबे हो जाएँगे.”

“नहीं नहीं. फिर मैं खुजली कैसे करूँगी?”

मुलगी इतकी हसली की पलीकडच्या टेबलाच्या बाईंनी वळून पाहिलं.

मग रंग निवडायचा होता. भिंतीवर बाटल्यांच्या रांगा होत्या. मीही लावून घेणार होते आणि माझा रंग आधीच ठरला होता, कातडीच्या रंगाचा फिकट गुलाबी, ऑफिसात कुणाच्या लक्षातही येणार नाही असा. आत्या मात्र रांगेवरून बोट फिरवत राहिली. डोळे बारीक करून एकेक बाटली नाकापाशी आणायची आणि परत ठेवायची. शेवटी तिनं एक उचलली.

“हा बघ. चिंचेच्या कोळासारखा. साधा, सोबर.”

मी पाहिलं. बाटलीत पिकलेल्या जांभळाचा रंग होता. झगझगीत, पावसात धुतल्यासारखा. त्यात चिंचेचा कोळ कुठेही नव्हता. मुलीनं माझ्याकडे पाहिलं.

“नक्की हाच?” मी विचारलं.

“नक्की. उगाच भडक काही नको मला.”

मला वाटलं, तिला जांभळाच हवाय आणि लाज वाटतेय म्हणून ती त्याला साधा म्हणतेय. मी मुलीला मानेनंच ‘लाव’ म्हटलं.

मुलीनं काम सुरू केलं. कोमट पाण्यात बोटं बुडवली, पुसली, नखांच्या कडेची कातडी एका चपट्या पट्टीनं मागे सारली, कानशीनं नखं घासली. आत्या प्रत्येक पायरी लक्ष देऊन बघत होती. मधेच मला मराठीत म्हणाली, “हात चांगला आहे पोरीचा. हलका. ही शिरेला सुई छान लावेल.” पहिला थर लागला, हात निळ्या दिव्यात गेला. रंगाचा पहिला थर, परत दिवा. दुसरा थर, परत दिवा. दिव्यात हात गेला की आत्या नकळत श्वास धरून बसायची. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांचे हात धरलेले, नाडी बघायला, सलाईन लावायला, मरणाऱ्या माणसाला एकटं वाटू नये म्हणून. तिचा हात कुणी असा मांडीवरच्या रुमालावर ठेवून, एकेक बोट वेगळं करून, निवांत हाताळतंय हे मी पहिल्यांदा बघत होते. अर्ध्या तासानं तिचे खांदे खाली आले. शेवटी तर तिला डुलकी लागली.

ती संध्याकाळ आणि सोमवारभर आमच्या घरी नुसता आनंद होता. आत्या चहाचा कप दोन्ही हातांनी धरून प्यायची. पेपर वाचता येत नव्हता तरी उघडून बसायची. बोलताना टेबलावर बोटं वाजवायची, टक टक टक टक. सोसायटीच्या बागेत बसणारे रिटायर्ड लोक तिला ‘मेजर साब’ म्हणत. त्यांतल्या एका बँकवाल्या गृहस्थांनी म्हणे तिचे हात पाहून “वाह, मेजर साब!” म्हटलं. हे तिनं मला दोनदा सांगितलं.

तिच्या डोळ्याचं ऑपरेशन दसऱ्यानंतर ठरलं होतं. तपासण्या सगळ्या झालेल्या होत्या. मंगळवारी सकाळी मी ऑफिसला निघायच्या घाईत असताना हॉस्पिटलचा फोन आला. उद्याच्या एका पेशंटला ताप आलाय, जागा रिकामी आहे, मॅडम येऊ शकतील का? आत्यानं मला विचारलंसुद्धा नाही. “येस. विल रिपोर्ट ॲट सेव्हन,” म्हणाली आणि फोन ठेवला. मग आपल्या दोन्ही हातांकडे बघत तशीच उभी राहिली.

“काय झालं?” मी बूट चढवत विचारलं.

“नखं,” ती म्हणाली. “अगं, ऑपरेशनला नखं रंगवून जात नाहीत.”

ते मला ठाऊक नव्हतं. तिनं समजावून सांगितलं. ऑपरेशन चालू असताना बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजतात. तो चिमटा नखातून उजेड टाकतो. नखावर गडद रंग असला की आकडा चुकू शकतो. तिनं स्वतः किती नववधूंची, किती अधिकाऱ्यांच्या बायकांची नखं ऑपरेशनच्या आधी घासून स्वच्छ केली होती. एका कर्नलच्या बायकोला तर तिनं चांगलंच झापलं होतं.

“रिमूव्हर लावून काढून टाक ना मग,” मी म्हटलं आणि पळाले.

संध्याकाळी लवकर घरी आले तर आत्या डायनिंग टेबलाशी बसलेली. समोर केमिस्टकडून आणलेली रिमूव्हरची बाटली, कापसाचे बोळे ढीगभर, आणि नखं आहेत तशी. उलट जास्तच चमकत होती.

“हलत नाही गं हे,” ती म्हणाली. “खाली जाऊन आले. दुकान बंद. मंगळवार आहे.”

आमच्याकडे मंगळवारी केस कापायची, पार्लरची, सगळी दुकानं बंद असतात. एवढ्या वर्षांत हे अंगवळणी पडलेलं, तरी दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, ब्लेडनं अलगद खरवडून बघू का? आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी ब्लेड हा शब्दच परत घेतला.

“ती मुलगी कुठे राहते?” आत्यानं विचारलं.

आम्ही कॉम्प्लेक्सच्या गार्डला जाऊन विचारलं. तो खुर्चीत बसून मोबाइल बघत होता. “वो चाइना वाली लड़कियाँ? मकनपुर में रहती हैं, मोमो की दुकान के ऊपर.”

“चाइना वाली नहीं,” आत्या म्हणाली. “नागालँड की है. नागालँड इंडिया में है. मैं वहाँ फौज में थी.”

गार्ड उठून उभा राहिला. त्या आवाजापुढे लोक उठून उभे राहतातच, मीही अजून राहते. मग त्यानं मोमोच्या दुकानाचा पत्ता नीट समजावून सांगितला.

मकनपुर आमच्या सोसायटीपासून लांब नाही, पण मी तिथे कधी गेले नव्हते. आमच्या इमारती उभ्या राहायच्या आधीपासूनचं ते गाव. आता चहूबाजूंनी टॉवर आणि मधे हे. गल्ल्या अरुंद, वर तारांचं जाळं, घरांवर चढवलेले मजले, आणि प्रत्येक मजल्यावर भाड्यानं राहणारी मुलंमुली. आमच्या सोसायटीतले गार्ड, कामवाल्या बायका, मॉलमधली मुलं, सगळी इथे राहत होती. आत्याला कमी दिसत होतं म्हणून मी तिचा दंड धरला होता. मोमोवाल्यानं वर बोट दाखवलं. जिना उभा होता. आत्या एकदाही थांबली नाही.

मुलगी गच्चीवरच्या खोलीच्या दारात बसून ओले केस वाळवत होती. आम्हाला बघून ती घाबरलीच. “मॅम? कुछ प्रॉब्लम हो गया?”

“प्रॉब्लम मेरा है, बेटा,” आत्या धापा टाकत म्हणाली. “तुम्हारा काम तो फर्स्ट क्लास है. निकलता ही नहीं.”

सगळं ऐकल्यावर मुलगी आधी हसली, मग पटकन कामाला लागली. खोलीत एक पलंग, एक शेगडी आणि खिडकीत तुळशीएवढं मिरचीचं रोप. तिनं आत्याला पलंगावर बसवलं. मुली सुटीच्या दिवशी एकमेकींच्या नखांवर सराव करायच्या, त्यामुळे ॲसिटोनची बाटली तिच्याकडे होती. कानस होती. पोळ्या गुंडाळायची चांदीसारखी फॉइलही होती.

“कौनसी उँगली से शुरू करूँ?”

आत्यानं डाव्या हाताची तर्जनी पुढे केली. मुलीनं नखावरचा वरचा थर घासला, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस ठेवला आणि वरून फॉइल गुंडाळली. आता थांबायचं होतं. तिनं शेगडीवर चहा ठेवला आणि बिनदुधाचा, लालसर चहा काचेच्या ग्लासात आणून दिला.

“लाल चा!” आत्या म्हणाली. तिनं तो ग्लास हातात धरून आधी नुसता वास घेतला. मग ती एक हकीकत सांगायला लागली. पावसात रस्ता खचला होता, तिची ॲम्ब्युलन्स दोन दरडींच्या मधे अडकली, आत पोटावर टाके घातलेला जवान. वरच्या गावातल्या बाया खाली उतरून आल्या, भात आणि असाच लाल चहा घेऊन, आणि रस्ता मोकळा होईपर्यंत आळीपाळीनं त्याच्याशेजारी बसल्या. मी ही हकीकत कधी ऐकली नव्हती. मुलगी ऐकता ऐकता म्हणाली, तिचं गाव कोहिमाच्या पुढे आहे, आई तिथेच असते, शेती करते. मुलगी दिल्लीत काय काम करते ते आईला सांगूनही नीट समजलेलं नाही. नखं रंगवायला लोक पैसे देतात यावर तिचा विश्वासच बसत नाही.

“माझाही बसला नसता,” आत्या मला म्हणाली.

फॉइल काढली. रंग सालपटासारखा सुटून आला. खाली आत्याचं जुनं नख, फिकट आणि छोटं. मुलीनं त्यावर थोडं तेल चोळलं आणि दुसऱ्या बोटाकडे हात नेला.

आत्यानं हात मागे घेतला. दोन्ही पंजे पसरून बघत राहिली.

“बाकीची राहू देत,” ती म्हणाली.

“आत्या!”

“चिमट्याला एकच बोट लागतं.”

“आणि त्यांनी चालत नाही म्हटलं तर?”

“मी बोलेन ना त्यांच्याशी.”

मुलीला मराठी कळत नव्हतं, पण तिला सगळं कळलं. तिनं ॲसिटोनच्या बाटलीचं झाकण लावलं.

सकाळी सातला आम्ही नोएडाच्या हॉस्पिटलात हजर. आत्याला हिरवा गाऊन दिला, टोपी दिली. एक तरुण मल्याळी सिस्टर कागद तपासत होती. तिनं आत्याचे हात पाहिले.

“मॅडम, नेल पॉलिश नॉट अलाउड. फोनवर सांगितलं नव्हतं का?” ती हिंदी-इंग्रजीत म्हणाली.

आत्यानं डावी तर्जनी वर केली. एखाद्या शाळकरी मुलीनं वर्गात करावी तशी. “ही मोकळी आहे, सिस्टर. प्रोबसाठी.”

“बट मॅडम, सगळी काढायची असतात.”

मला वाटलं, आता आत्या आपली रँक सांगणार. तिनं नाही सांगितली. ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, “यू आर राइट, सिस्टर. तुमच्या जागी मी असते तर पेशंटला परत पाठवलं असतं. पण आयुष्यात पहिल्यांदा लावलंय हो.”

सिस्टरनं तिच्या कागदावर पाहिलं. वय, आणि मागचा पेशा. मग आत्याकडे पाहिलं. आत गेली आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी चिमटा त्या एका बोटाला लावला, आकडा बघितला, आणि म्हणाले, “चलो, एक तो है ना.” सिस्टर आत्याला चाकाच्या खुर्चीत बसवून ढकलत आत घेऊन गेली. दार बंद होईपर्यंत मला आत्याचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर दिसत होते.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी विचारलं, काय दिसतंय? आत्या म्हणाली, भिंत पांढरी आहे. मग म्हणाली, किती पांढरी आहे! खिडकीतून आकाश बघितलं. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “तू बारीक झालीयेस की केस पांढरे झालेत?” मग तिचं लक्ष मांडीवरच्या हातांकडे गेलं.

“अगं बाई. हा कसला रंग?”

“तूच निवडलास.”

“मी चिंचेच्या कोळाचा निवडला होता!”

डॉक्टरांनी हसत सांगितलं की मोतीबिंदू पिकलेला असला की सगळं जग पिवळट-तपकिरी दिसतं. जांभळा रंग तर हमखास चकवतो. मला तेव्हा कुठे उमगलं की आत्या लाजत वगैरे नव्हती. तिला खरोखरच साधा, सोबर रंग दिसला होता.

घरी जाताना ऑटोत तिनं डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा जरासा वर केला. एक डोळा झाकून नखं बघितली. मग दुसरा झाकून बघितली. “या डोळ्यानं चिंच,” ती म्हणाली, “आणि या डोळ्यानं जांभूळ.” परत झाकला, परत उघडला. मी म्हटलं, चष्मा लाव, धूळ जाईल. ती ऐकेना. ऑटोवाला आरशातून बघत होता. शेवटी तोच म्हणाला, “माताजी, आँख ठीक है ना?” आत्या म्हणाली, “भैया, एकदम ठीक. तुम्हारी शर्ट हरी है ना? बहुत अच्छी हरी है.”

“तू मला दुकानात सांगितलं का नाहीस?” तिनं घरी आल्यावर विचारलं.

“मला वाटलं तुला तोच हवाय.”

तिनं दोन्ही हात खिडकीच्या उजेडात धरले. “भडकच आहे,” म्हणाली. “पण आता राहू दे.”

दोनेक आठवड्यांनी नखं वाढून मुळाशी पांढरी कड दिसायला लागली तेव्हा मुलीनं दुकानात तो सगळा रंग काढून दिला. दुसरा रंग लावते म्हणाली. आत्या नको म्हणाली. एकदा बघायचं होतं, बघितलं. मी मात्र दर महिन्याला जाऊ लागले, आणि हळूहळू फिकट गुलाबीवरून पुढे सरकले.

दूध आणायला आत्याला पूर्वीइतकाच वेळ लागत राहिला, फक्त आता ती बाहेर उभी न राहता आत जाऊन बसायची. ऑक्टोबरात एका संध्याकाळी ती परत आलीच नाही. मी ऑफिसातून आले तर घरात दूध नाही, आत्या नाही. फोन करणार एवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. आत्या त्या मुलीला खांद्याशी धरून आणत होती. मुलीचा चेहरा तापानं लाल झाला होता, हातात एक पिशवी.

“डेंग्यू आहे,” आत्या म्हणाली. “मला खात्री आहे, रिपोर्ट उद्या येईल. तीन दिवस एकटी पडून होती त्या खोलीत. बाजूला हो.”

मुलाच्या खोलीत तिनं मुलीला झोपवलं. मच्छरदाणी कुठून तरी निघाली. उशाशी पाण्याचा जग, मीठ-साखर, थर्मामीटर. डॉक्टरांना तिनंच फोन केला आणि काय विचारायचं ते नेमकं विचारलं. पुढचा आठवडाभर आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मुलीला आमची गोड आमटी अजिबात आवडली नाही, एक घोट घेऊन तिनं तोंड असं केलं की मला हसू आलं. मग आत्या तिच्यासाठी भाताची पेज करायची, वर नुसतं मीठ. तपासणीतले प्लेटलेटचे आकडे एक दिवस फार खाली गेले. त्या दिवशी आत्या खुर्ची ओढून पलंगाशी बसून राहिली. मग ते चढायला लागले.

मुलीच्या आईला आधी काही सांगितलं नव्हतं. बरं वाटायला लागल्यावर मुलीनं फोन लावला आणि आत्याच्या हातात दिला. आईला हिंदी येत नव्हती. आत्याला तिची भाषा येत नव्हती. दोघींना ती मोडकी दिमापुरी बोली येत होती, आणि दोघींचा असा समज होता की कोहिमा लांब असल्यामुळे ओरडून बोलावं लागतं. मुलगी उशीत तोंड खुपसून हसत होती आणि मधेमधे शब्द पुरवत होती. बराच वेळ ते चाललं.

“काय म्हणाली?” फोन ठेवल्यावर मी विचारलं.

“पोरगी जेवते का, विचारत होती. मग म्हणाली, तुम्ही जेवलात का? आणि तुमच्याकडे डुकरं आहेत का?”

“तू काय सांगितलंस?”

“नाहीत म्हटलं. तिला वाईट वाटलं.”

नाताळाला मुलगी गावी गेली आणि जानेवारीत परत आली ती आईनं दिलेलं एक बोचकं घेऊन. आत आंबवलेले बांबूचे कोंब होते, केळीच्या पानात बांधलेले. आत्यानं त्याच दिवशी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मुलगी शेजारी उभी राहून मिरच्या किती टाकायच्या ते सांगत होती, आत्या त्याच्या निम्म्या टाकत होती, आणि मुलगी तिची पाठ वळली की उरलेल्या टाकत होती. वास इतका उग्र की समोरच्या फ्लॅटमधल्या काकू दार वाजवून विचारायला आल्या, “बहनजी, आपके यहाँ भी ड्रेन चोक हुआ है क्या?”

“नहीं जी,” आत्या आतून ओरडली. “सब्ज़ी बन रही है. आइए!”

काकू आल्या नाहीत. आम्ही तिघी जेवायला बसलो. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्याला घाम. मग मी आणखी भात मागून घेतला.